बापाची हरळी, साहेबांचं लॉन

माझ्या बापाला आयुष्यात दोनच वैरी होते. एक हरळी आणि दुसरा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. त्यातही भावाशी वैर जडलं ते हरळीपायीच, म्हणजे नीट पाहिलं तर वैरी एकच. अमडापूरच्या शिवारात आमचं आणि नारायणकाकाचं वावर एकमेकांना लागून होतं, मधे नुसता एक धुरा. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि भाऊबंदकीत रक्तापेक्षा धुरा मोठा असतो हे मी कोर्टाची पायरी न चढता शिकलो. काका आळशी नव्हता, समाधानी होता. पण शेतीत या दोन गोष्टी धुऱ्यापलीकडून सारख्याच दिसतात. त्याच्या बाजूला हरळी माजली तर तो म्हणायचा, असू द्या, बैलाच्या तोंडाले होते. ती हरळी मग दरसाल मृगाच्या सुमाराला धुऱ्याखालून सुरुंग लावल्यासारखी आमच्या कपाशीत निघायची. बाबांनी तीन हंगाम तोंडी ताकीद दिली, चौथ्या हंगामाला बोलणं बंद केलं. ते बंद नऊ वर्षं चाललं. अगदीच नड पडली तर बाबा धुऱ्यावर उभे राहून स्वतःच्या बैलाला मोठ्यानं सांगत, "सर्ज्या, उद्या पाटाच्या पाण्याची पाळी आपली हाये, कोनाले सांगाचं असन तं सांग." पलीकडून काका त्याच्या बैलाला विचारायचा, "काय म्हनते रे तो?" नऊ वर्षांत दोन्ही बैलांना आमच्या घराण्याचा इतिहास इतका पाठ झाला होता, की तलाठ्यानं सातबारा त्यांना विचारून लिहिला असता तरी चूक निघाली नसती.

हरळी खोदण्यात बाबांच्या तोडीचा माणूस चिखली तालुक्यात नव्हता. हे मी म्हणत नाही, बाबाच म्हणायचे. माघात कपाशी उपटून झाली, की ते कुदळ घेऊन वावरात उतरत आणि हरळीच्या मुळीमागे मुळी धरत जात. एकदा अशाच एका मुळीमागे ते एवढे खोल गेले, की खालून पाणी लागलं आणि तो खड्डा विहीर म्हणून नोंदवावा की काय असा प्रश्न पडला. मुळी तुटताना 'टच' असा आवाज होतो. त्या आवाजावरून बाबा सांगत, की खाली अजून वीतभर आहे की हातभर. अर्धवट तुटलेली मुळी जमिनीत ठेवून जेवायला बसणं म्हणजे त्यांच्या लेखी घरात साप सोडून पाहुणचार करणं. खोदलेली हरळी धुऱ्यावर टाकायची नाही, वाळवायची आणि होळीत जाळायची. राख होईपर्यंत बाबा तिथून हलत नसत. आमच्या गावात होळीला सगळे बोंब मारायचे, माझा बाप मात्र शांतपणे राख उकरून पाहायचा, एखादी कांडी वाचली तर नाही. वर्षातून एकदा, गणपतीत, या वैऱ्याशी तह व्हायचा. हरळीच्याच कोवळ्या शेंड्यांना दूर्वा म्हणतात हे शहरातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. बाबा मोजून एकवीस जुड्या देवाला वाहत आणि बाविसावी उपटून फेकत. देवाचं देवाला, वैऱ्याचं वैऱ्याला.

अशा माणसाचं अंगण कसं असेल याची कल्पना करा. पहाटे मायच्या खराट्याची खरखर, मग शेणाच्या सड्याची चळक-चळक, मग ओसरीच्या दगडावर बाबांचं खुरपं घासल्याचा आवाज, आणि त्यानंतर चुलीपाशी भाकरीची थापथाप. या चार आवाजांच्या आधी सूर्य उगवला तर आमच्याकडे तो आगाऊपणा समजला जाई. अंगण एवढं लख्ख, की मुंगीला ते ओलांडताना नागडं वाटावं. गवताची एक काडी अंगणात दिसली, की माय म्हणायची, लोक म्हनतीन या घरात बाईमानूस मेलं का काय. त्या अंगणात बसून आम्ही ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर लाल मिरचीचा ठेचा खाल्ला. तो ठेचा खाऊन उठलेल्या माणसाच्या कानातून धूर निघताना मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी आधी तो ठेचा खावा, मग माझ्याशी वाद घालावा.

मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा परीक्षा घेणाऱ्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. नवं राज्य, नव्या कचेऱ्या, शिपायांच्या नव्या जागा. अशी हवा होती, की बुलढाण्याला नुसतं उभं राहिलं तरी सरकार खांद्यावर हात ठेवून आत नेतं. मी एसटीत बसून गेलो, आठवडाभर कचेऱ्यांसमोर उभा राहिलो. सरकारनं हात ठेवला नाही. आठव्या दिवशी एका बंगल्याच्या फाटकातून हाक आली, "ए, गवतातलं काही कळतं का तुला?" हे बर्वेसाहेब. मूळचे पुण्याचे, इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले आणि इथल्या थंड हवेच्या मोहानं बुलढाण्यालाच घर बांधून राहिलेले. गवतातलं कळतं का? ज्याचा बाप गवताच्या मुळीच्या आवाजावरून तिची लांबी सांगतो, त्याला हे विचारणं म्हणजे कोंबडीच्या पिल्लाला अंडं माहीत आहे का विचारणं. मी म्हटलं, "गवतातच वाढलो साहेब." यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, "मग मला इथं लॉन करून दे."

लॉन हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आज हमरस्त्यावर दर मैलाला पाटी दिसते, अमुक लॉन, तमुक लॉन. आत जाऊन पाहावं तर सिमेंट, पत्रे आणि लग्नाचा बँड. हिरवी काडी शोधून दाखवणाऱ्याला मी जेवण घालीन. तेव्हा मात्र लॉनमध्ये गवत असायचं, नव्हे, लॉन म्हणजे गवतच असायचं, आणि तेही कोणतं? साहेबांनी एका जाड इंग्रजी पुस्तकातलं चित्र दाखवलं. मी वाकून पाहिलं. हरळी. साक्षात हरळी, ओळीनं लावलेली, कापलेली, पाणी पाजलेली, आणि तिच्याकडे कौतुकानं पाहत टोपीवाली एक मडम उभी. एक क्षण वाटलं, पळून जावं. पण मागे मॅट्रिक होतं आणि पुढे हरळी होती, आणि दोन्हींपैकी मला निदान एक तरी येत होती.

माझं सगळं शास्त्र बापाचंच, फक्त पालथं घातलेलं. बाबा सांगायचे, ओल्या जमिनीत मुळी तोडू नको, तुकड्या-तुकड्याची हरळी होते. मी ओल्या जमिनीत मुळीचे तुकडे केले. बाबा सांगायचे, तीन डोळे असलेली कांडी जमिनीवर राहिली तर समज वावर गेलं. मी तीन-तीन डोळ्यांच्या कांड्या वीत-वीत अंतरावर पुरल्या. ते म्हणायचे तिला शेणखत दिसू देऊ नको, मी चाळून घातलं. ते म्हणायचे पायानं दाबू नको, चेकाळते. मी दगडी रूळ फिरवला. महिनाभरात बर्वेसाहेबांच्या दारात अशी हिरवळ पसरली, की बाजूच्या बंगल्यांतले साहेब सकाळी फिरायला निघाले की तिथेच थांबायचे आणि फिरणं विसरायचे. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे सहा बंगले होते. सहा अंगणं, एक रूळ, दोन विळे आणि बर्वेसाहेबांनी लिलावात घेतलेलं गवत कापायचं यंत्र. ते यंत्र ढकललं, की खर्रर्र असा आवाज करी आणि आठ बंगल्यांपलीकडची कुत्री रडत. साहेब स्वतः गवतावर फूटपट्टी रोवून पाहत. एक इंच. सव्वा झाला, की मला बोलावणं. एकदा तर त्यांनी गवंड्याची पाणसळ आणून हिरवळीवर ठेवली आणि पूर्वेकडचा कोपरा कलला आहे म्हणून दोन दिवस बेचैन होते. धरणं बांधून निवृत्त झालेला माणूस. पाणी अडवायला काही उरलं नाही, की डोकं गवतात शिरतं.

बाजाराला येणारे शेतकरी फाटकाशी थबकायचे. एकानं मला विचारलं, साहेबाकडे म्हशी किती? मी म्हटलं एकही नाही. मग गाय? नाही. शेळी? तीही नाही. तो हिरवळीकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "बाप्पा, मंग हे खाते कोन?" मी यंत्र ढकलायला लागलो. 

आता लपवाछपवीचं सांगतो. हरळीच्या कांड्या मला लागायच्या पोत्यांनी आणि आमच्या वावरात तर बाबांनी तिचं नख शिल्लक ठेवलं नव्हतं. गेली चार वर्षं आमच्या आठ एकरांत हरळी नाही, असं ते पैजेवर सांगत आणि ते खरं होतं. मग राहिला एकच धुरा. मी सणावाराला घरी आलो, की बाबा बाजाराला गेल्यावर काकाच्या बाजूला उतरायचो. काका हसून-हसून धुऱ्यावर लोळायचा. "घेऊन जाय लेका, लागन तेवढी. पन तुह्या बापाले समजलं ना, तं माह्याशी बोलनं बंद केलं, तुह्याकडे पाहनं बंद करन." ही काही थट्टा नव्हती. भावाला हरळी राहू दिल्याबद्दल नऊ वर्षं. मुलानं ती लावली, पाणी पाजलं, वर तिचे केस कापले, याला किती वर्षं झाली असती याचं गणित मला मॅट्रिकच्या पेपराहून अवघड वाटायचं. घरी मी एवढंच सांगितलं होतं, की मी साहेबांचं अंगण सांभाळतो. माय म्हणाली, चांगलं काम हाये. बाबांनी मान हलवली. अंगण सांभाळणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारावं लागत नव्हतं. तिथेच सगळा घोळ होता.

साहेबांना एक मुलगी. तिला पाहायला पुण्याहून माणसं यायची होती आणि साहेबांनी ठरवलं, की चहा हिरवळीवर. वेताच्या सहा खुर्च्या, मधे टेबल, मागे गुलाबाचे दोन वाफे. पंधरा दिवस आधीपासून मला त्या हिरवळीवर चालायची बंदी झाली. मी कडेनं आडवा होऊन हातानं गवत कापत असे. साहेबांच्या बाईंनी, त्यांना सगळे माईसाहेब म्हणत, मुलीपेक्षा हिरवळीचीच अधिक धास्ती घेतली होती. मुलगी काय, पसंत पडेल न पडेल, पण हिरवळ पुण्यात बोलली जाईल. पाहुण्यांना घ्यायला साहेब आणि माईसाहेब जीपनं मलकापूर स्टेशनला निघाले आणि सामान उचलायला मला मागे बसवलं. घरी मुलगी आणि स्वयंपाकीणबाई. गाडी नेहमीसारखी उशिरा आली, म्हणजे वेळेवर. घाट चढून आम्ही परतलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मागे मी, माझ्या मांडीवर पाहुण्यांची ट्रंक, पुढे नवऱ्या मुलाचे वडील, स्वतः नवरा मुलगा आणि एक जाड भिंगाची आत्याबाई. वाटेत साहेब म्हणाले, आमच्याकडे थोडी हिरवळ केली आहे, अगदी साधी. खोटं बोलण्यात मी पुढे बराच नावाजलो, पण एवढ्या विनयानं मला कधी जमलं नाही.

जीप फाटकात शिरली आणि साहेबांनी बोलणं मधेच सोडलं. फाटकाच्या आत हिरवं असं काहीही नव्हतं. जिथे पाणसळ ठेवून तपासलेली हिरवळ होती, तिथे काळीभोर, फळीनं ओढल्यासारखी सपाट, ढेकूळ म्हणून नाही अशी जमीन होती, आणि तिच्यावर नुकताच शेणाचा सडा टाकलेला होता. साहेबांच्या पितळी झारीनंच टाकला होता. सड्याचा वास थेट जीपमध्ये आला. कोपऱ्यात हरळीचा ढीग होता. किती मोठा म्हणाल तर त्याच्या मागे गुलाबाचे दोन्ही वाफे आणि शेजारच्यांचा बंगला दिसत नव्हता. आणि ढिगाच्या सावलीत, मांडीवर फडकं पसरून, रोडगा मोडून खात माझा बाप बसला होता.

झालं होतं ते असं. मायनं गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे माझ्यासाठी बांधून दिले आणि बाबा सकाळच्या एसटीनं मला भेटायला आले. आयुष्यात पहिल्यांदाच. विचारत-विचारत बंगल्यापाशी आले आणि पाहतात तर काय, ज्या अंगणावर आपला मुलगा नोकरीला आहे, ते अंगण हरळीनं गिळलेलं. स्वयंपाकीणबाईनं सांगितलं, आज पाहुणे येणार आहेत, साहेब आणायला गेलेत. बाबांनी फाटकात उभं राहून विचार केला असणार: पोरगा बिघडला, साहेबाला अजून कळलेलं नाही, पाहुण्यांसमोर कळेल, आणि आज पोराची नोकरी जाणार. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला आणि माझीच कुदळ उचलली. मुलगी खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं, श्रीरामनं, म्हणजे मी, माणूस लावला. स्वयंपाकीणबाईनं मधे दोनदा चहा नेऊन दिला. सहा तासांत त्या साठीच्या माणसानं अंगण मुळापासून काढलं, माती हातानं चाळली, सपाट केली आणि पाहुणे यायचे म्हणून सडाही टाकला. रांगोळी तेवढी राहिली, कारण ती बायकांची.

आम्हाला पाहून बाबा उठले, हात फडक्याला पुसले आणि साहेबांसमोर हात जोडले. "साहेब, मी शिरामचा बाप. पोराले माफी करा. शयरात हात मऊ झाले त्याचे. आता एक मुळी राह्यली नाही. एक बी निंघाली तं मले बलावजा, मी येऊन काहाडीन, त्याले सांगू नोका."

 माईसाहेबांनी जीपचा दांडा धरला. नवऱ्या मुलाचे वडील बुटांकडे आणि सड्याकडे आळीपाळीनं पाहत होते. साहेबांनी माझ्याकडे मान वळवली आणि मला कळलं, की आता ते काय बोलणार. मूर्ख माणसा, ती आम्ही लावली होती. हे एक वाक्य. त्यात माझी सहा अंगणं जाणार होती, त्याचं काही नाही. मी पुन्हा कचेरीसमोर उभा राहिलो असतो. पण त्या वाक्यानं माझ्या बापाची ती सहा तासांची मान खाली गेली असती आणि ती वर आली असती तेव्हा मी धुऱ्याच्या पलीकडे असतो, काकाशेजारी.  

पण साहेबांच्या आधी बोलल्या त्या आत्याबाई. त्या जाड भिंगातून ढिगाकडे पाहत पुढे गेल्या, वाकल्या, एक शेंडा खुडून नाकाशी धरला. "अगंबाई, दूर्वा! एवढ्या?" आणि साहेबांकडे वळून, आवाज एकदम मऊ करून, "लक्ष दूर्वा वाहणार आहात होय गणपतीला? मुलीसाठी?"

बर्वेसाहेब देव मानत नसत. देवघरात त्यांनी बॅरोमीटर ठेवला होता, हे मी स्वतः पाहिलंय. पण धरणं बांधणाऱ्या माणसाला पाण्याची वाट कुठून जाते हे ताबडतोब दिसतं. ते म्हणाले, "हो. संकल्पच आहे. म्हणून तर मुद्दाम लावून घेतल्या होत्या." मग घसा साफ करून माझ्या बापाकडे हात करत म्हणाले, "यांना खास बोलावलं. मुळापासून काढाव्या लागतात. यांच्यासारखा माणूस दुसरा नाही."

हिरवळीवरचा चहा सड्यावर झाला. वेताच्या खुर्च्यांचे पाय काळ्या मातीत वीतभर रुतले आणि बसलेली माणसं बोलता-बोलता ठेंगणी होत गेली. आत्याबाई ढिगाशी मांडी घालून बसल्या, माईसाहेबांनाही बसवलं आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधू लागल्या. लग्न तिथेच ठरलं. आत्याबाई मात्र संकल्प पुरा होईपर्यंत हलायला तयार नव्हत्या, त्यामुळे पुढचे अकरा दिवस निरीश्वरवादी बर्वेसाहेब सोवळं नेसून दूर्वा मोजत बसले. चौऱ्याऐंशी हजारांवर त्यांचा आकडा चुकला आणि त्यांनी पहिल्यापासून मोजलं, असं मी अनेकांना सांगितलं आहे. त्यातला थोडा भाग खरा आहे.

मी बाबांना एसटी स्टँडवर सोडायला निघालो. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, म्हणून ते जरा रुंद चालत होते. मला वाटलं, सुटलो. मग आम्ही कॉलनीच्या रस्त्याला लागलो आणि मला आठवलं, की त्या रस्त्यावर माझी आणखी पाच अंगणं आहेत. पहिल्या कुंपणाशी बाबा थांबले. आत एक इंचाची हरळी, कडा दोरीनं आखलेल्या. त्यांनी पाहिलं. दुसऱ्या कुंपणाशी थांबले. तिसऱ्या कुंपणाच्या आत माझा दगडी रूळ उभा होता आणि रुळावर माझा जुना सदरा वाळत होता, मायनं ठिगळ लावलेला. बाबांनी त्या ठिगळाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे बी तूच पाहतं?"

"हाव."

"अन् हे पुढचं?"

"हाव बाबा."

ते पुढे काहीच बोलले नाहीत. स्टँडवर नाही, गाडीत चढताना नाही, गाडी हलली तेव्हाही नाही. खिडकीशी बसून ते समोरच्या बाकाकडे पाहत राहिले. मी बैल असतो तर निदान माझ्याशी बोलले असते, असा एक विचार माझ्या मनात आला. त्याचं तेव्हा हसू आलं नाही.

मग निरोप नाही. दर आठवड्याला अमडापूरहून कोणी ना कोणी येई, मायचा ठेचा, लोणचं, शेवया येत; बाबांचा शब्द येत नव्हता. मी विचारायचो, बाबा काय म्हणत होते? येणारा म्हणायचा, काही नाही. असं दीड महिना चाललं. इकडे बर्वेसाहेबांच्या अंगणात एक अभूतपूर्व गोष्ट घडली होती: हरळी परत उगवली नाही. पाऊस पडला, खत पडलं, साहेब रोज फूटपट्टी घेऊन पाहत आणि जमीन तशीच काळीभोर. आमचं वावर सोडलं तर जगात हरळी समूळ नाहीशी झालेली तेवढी एकच जागा असेल, आणि तीही तिची गरज असलेल्या माणसाच्या दारात. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. साहेब म्हणत, लाव पुन्हा. मी म्हणत होतो, लावतो. पण कांड्या आणायला घरी जायला माझे पाय धजत नव्हते.

परवा पुण्याला नातवानं मला त्याच्या सज्ज्यातलं गवत दाखवलं. प्लॅस्टिकचं. आजोबा, काहीच करावं लागत नाही, म्हणाला. मी खाली बसून कडेनं बोट घालून पाहिलं, सवय जात नाही. ओढलं तर अख्खं गवत सतरंजीसारखं उचललं गेलं, खाली फरशी. आवाजच नाही. नातू ओरडला, मी पुन्हा दाबून ठेवलं.

तर एके सकाळी चिखलीकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं मला स्टँडवर बोलावून घेतलं. टपावरून त्यानं एक पोतं खाली टाकलं. ओलं, जड, वरून मायच्या जुन्या लुगड्यानं गुंडाळलेलं. मी तोंड सोडलं. आत हरळीच्या कांड्या होत्या. धुतलेल्या, ओल्या फडक्यांत जुड्या-जुड्या करून रचलेल्या, प्रत्येक कांडी तीन डोळे ठेवून तोडलेली. एकही दोनाची नाही, एकही चाराची नाही. एवढं नीट काम मला जन्मात जमलं नाही. आमच्या वावरात हरळी नव्हती. ती होती फक्त एका धुऱ्यावर.

मी कंडक्टरला विचारलं, पोतं चढवलं कोणी?

"दोघं बुढे होते. भांडून राह्यले होते लेकाचे. एक म्हने गाठ अशी मार, दुसरा म्हने मले शिकवतं काय बे. अर्धा घंटा गाडी थांबवली त्याईनं."

मी विचारलं, काही सांगितलंय का?

"हाव, थो जो मोठा होता ना, त्यानं सांगतलं." कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. "म्हने, उगवली नाही तं कळवजो."